फिटच्या औषधाचा डोस तोच, मग रक्तातली पातळी वेगळी का? शरीर औषध बाहेर कसं टाकतं?

निळाई

माझा भाऊ बरीच वर्षं फेनिटॉइन हे फिटचं औषध घेतोय. ३०० मिलिग्रॅमवर पातळी कमी होती, ४०० केल्यावर हव्या त्या पट्ट्यात आली. तरीही मध्ये एक फिट आलीच, म्हणून डॉक्टरांनी फक्त ५० मिलिग्रॅम वाढवले. काही दिवसांतच त्याचा चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली, बाजूला बघितलं की बुबुळं थरथरायची. तपासणी केली तर पातळी तिशीच्या पुढे! डोस लगेच कमी केला, आता तो बरा आहे. पण आमच्या नात्यातल्या एक काकू हाच ४५० चा डोस विनातक्रार घेतात, आणि वजनानं त्या भावापेक्षा हलक्या आहेत.

तेव्हापासून मी यावर वाचतेय. माझं मत असं झालंय की आपण पेशंट आणि घरचे लोक डोसबद्दल फार बोलतो, आणि शरीर ते औषध किती वेगानं काढून टाकतं याबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही. खरा फरक तर तिथेच पडतो. वय, वजन, मूत्रपिंड, यकृत, गरोदरपण, सोबतची औषधं, जनुकं, यातलं नक्की काय किती महत्त्वाचं? फेनिटॉइनशिवाय दुसरी औषधं घेणाऱ्यांनीही लिहा.

वाटाड्या

चांगला विषय. वाचतोय.

मेंदूमित्र

निळाई, भाऊ सावरला हे वाचून बरं वाटलं. मी न्यूरॉलॉजीत काम करते. इथे लिहीन ती सर्वसाधारण माहिती. ती वाचून कुणीही आपला डोस स्वतः बदलू नये, ही कळकळीची विनंती. फिटचं औषध अचानक बंद केलं किंवा एकदम कमी केलं तर लागोपाठ फिट येण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

आता मूळ मुद्दा. बहुतेक औषधांचं गणित सरळ असतं. डोस दीडपट केला की पातळीही साधारण दीडपट होते. फेनिटॉइन हा याला मोठा अपवाद. यकृतातली जी एन्झाइम्स ते मोडतात, मुख्यतः सीवायपी २सी९ आणि थोड्या प्रमाणात सीवायपी २सी१९, त्यांची क्षमता आपण वापरतो त्याच डोसच्या आसपास संपत येते. तिकीटखिडक्या ठरावीक असल्या आणि येणारी माणसं त्याहून थोडी जरी जास्त झाली तरी रांग वाढतच जाते, तसं. म्हणून ५० मिलिग्रॅमची वाढ दिसायला किरकोळ, पण भावाच्या खिडक्या आधीच भरलेल्या असणार. काकूंच्या यकृताची क्षमता जास्त असेल. वजनावरून हे ओळखता येत नाही.

फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे, तरी आजही ते देताना हात जपूनच चालवावा लागतो. पट्ट्याच्या वरच्या भागात डोस वाढवायचा तर २५ ते ५० मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनीच, आणि त्यानंतर पेशंट परत तपासायचा.

गणिती

डॉक्टरांनी सांगितलं ते आकड्यांत मांडतो, कारण आकडे पाहिल्याशिवाय हे किती तीव्र आहे ते जाणवत नाही. समजा एका माणसाचं शरीर जास्तीत जास्त ४९० मिलिग्रॅम फेनिटॉइन रोज मोडू शकतं, आणि रक्तात लिटरमागे ४ मिलिग्रॅम असताना एन्झाइम अर्ध्या क्षमतेवर चालतं. स्थिर झाल्यावरची पातळी म्हणजे ४ गुणिले रोजचा डोस, भागिले ४९० वजा डोस.

३०० वर येते सुमारे ६.३
४०० वर १७.८
४५० वर ४५

आता दुसरा माणूस घ्या, ज्याची कमाल क्षमता ६०० आहे. बाकी सगळं तेच. त्याचे आकडे ४, ८ आणि १२. म्हणजे ४५० च्या त्याच डोसवर एकजण विषबाधेत आणि दुसरा पट्ट्यात आरामात. फेनिटॉइनचा नेहमीचा पट्टा १० ते २० आहे. हे उदाहरणादाखलचे आकडे आहेत, कुणाच्या रिपोर्टमधले नाहीत, पण निळाईताईंच्या भावाची आणि काकूंची गोष्ट यात अगदी चपखल बसते.

निळाई

गणिती, हे कागदावर लिहून भावाला दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे माझी चूक नव्हती तर!" गोळ्या चुकून दोनदा घेतल्या असतील असं त्याच्या मनात घर करून बसलं होतं. तुमचे मनापासून आभार.

एक शंका. तुमच्या हिशेबानं ४५ यायला हवी होती, आमची तिशीच्या थोडी पुढे होती.

मेंदूमित्र

कारण ती तेव्हाही चढतच असणार. सरळ गणिताच्या औषधाला स्थिर पातळी गाठायला साधारण पाच अर्धायुष्यं लागतात. अर्धायुष्य म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. फेनिटॉइनमध्ये पातळी वाढते तसा हा वेळही लांबत जातो, त्यामुळे डोस बदलल्यावर खरी पातळी गाठायला कित्येक आठवडे लागू शकतात. डोस वाढवून चार दिवसांत केलेली तपासणी छान आली म्हणून निर्धास्त होणं धोक्याचं असतं ते याचसाठी.

सांजसावली

मी लॅमोट्रिजीनवर आहे. माझा अनुभव बरोबर उलट्या दिशेचा. दिवस राहिले आणि पहिल्या काही महिन्यांतच, एकही गोळी न चुकवता, माझी पातळी घसरत गेली. घरचे म्हणायचे, जागरण झालं असेल, ताण असेल. माझी डॉक्टर मात्र पहिल्या भेटीतच म्हणाली होती की हे होणार, आणि म्हणून तिनं गरोदरपणाआधीच माझी पातळी तपासून ठेवली होती. मग जवळजवळ दर महिन्याला रक्त तपासून डोस वाढवत नेला. शेवटी शेवटी आधीच्या दुपटीपेक्षा जास्त झाला होता. आकडा बघून मला बाळाची धास्ती वाटायची. ती समजावायची की गोळ्या जास्त असल्या तरी रक्तातलं औषध आधीइतकंच आहे.

दिवस राहिल्यावर घाबरून औषध बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ताईंनो, असं करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

मेंदूमित्र

सांजसावली, तुमच्या डॉक्टरांनी उत्तम केलं. गरोदरपणाआधीची पातळी हाताशी असली की पुढे कुठे राहायचं ते ठरवता येतं.

लॅमोट्रिजीन यकृतात ग्लुकुरॉनिक आम्लाला जोडून बाहेर टाकलं जातं, आणि इस्ट्रोजेन ही जोडणी वेगवान करतं. गरोदरपणात निचरा, म्हणजे औषध बाहेर टाकण्याचा वेग, दुपटी-तिपटीपर्यंत जाऊ शकतो. सगळ्याजणींत तो सारखा वाढत नाही, काहींमध्ये फार थोडाच वाढतो. म्हणूनच अंदाजानं डोस वाढवण्यापेक्षा तपासून वाढवलेला बरा. लेवेटिरॅसिटॅमचा निचराही गरोदरपणात वाढतो, कारण मूत्रपिंडातून वाहणारं रक्त वाढतं.

बाळंतपणानंतरचं तितकंच महत्त्वाचं. लॅमोट्रिजीनचा निचरा दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर येतो. वाढवलेला डोस तसाच राहिला तर बाळाला सांभाळणाऱ्या आईला चक्कर, दोन-दोन दिसणं, तोल जाणं सुरू होतं. डोस कसा उतरवायचा हे प्रसूतीआधीच लिहून घ्या.

आणि याच संदर्भात व्हॅल्प्रोएटबद्दल. त्याचा बाळाच्या शारीरिक घडणीवर आणि बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका बाकीच्या औषधांहून जास्त आहे. ते घेणाऱ्या मुलींनी दिवस राहण्याची वाट न बघता आधीच डॉक्टरांशी बोलावं.

झुळूक

मग गर्भनिरोधक गोळ्यांचं काय? त्यातही इस्ट्रोजेनच असतं ना?

सांजसावली

हो झुळूक. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी लॅमोट्रिजीनची पातळी साधारण निम्म्यावर येऊ शकते. ज्या आठवड्यात ती गोळी नसते त्या आठवड्यात पातळी पुन्हा वर जाते. माझ्या मैत्रिणीला महिन्यातल्या ठरावीक दिवसांतच गरगरायचं, ते यामुळे. कारण सापडेपर्यंत बिचारीनं कानाचे डॉक्टरसुद्धा पालथे घातले.

औषधशाळा

फार्मसी शिकवते, थोडी भर घालते. झुळूक, याची उलटी बाजूही आहे. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही औषधं यकृतातली एन्झाइम्स वाढवतात, त्यामुळे गर्भनिरोधक गोळीच लवकर मोडली जाते आणि ती निकामी ठरू शकते. म्हणून फिटचं औषध घेताय हे स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगाच, आणि गर्भनिरोधक घेताय हे न्यूरॉलॉजिस्टना.

कार्बामाझेपिन तर स्वतःलाच मोडणारी एन्झाइम्स वाढवतं. पहिल्या डोसनंतर त्याचं अर्धायुष्य २५ ते ६५ तास असतं. नियमित सुरू झाल्यावर तीन ते पाच आठवड्यांत ते १२ ते १७ तासांवर येतं. म्हणजे पहिल्या आठवड्यात पातळी छान असते, मग गोळी तीच राहते आणि पातळी उतरते. या काळात फिट परतली की घरच्यांना वाटतं औषध लागूच पडत नाही. म्हणून तर ते सुरुवातीला कमी डोसवर देऊन हळूहळू चढवतात.

व्हॅल्प्रोएटचा स्वभाव उलटा, ते दुसऱ्या औषधांचा निचरा अडवतं. लॅमोट्रिजीन एकटं असेल तर अर्धायुष्य साधारण २५ ते ३३ तास. सोबत व्हॅल्प्रोएट आलं की दुपटीनं वाढतं. सोबत कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन आलं की साधारण १४ तासांवर येतं. लॅमोट्रिजीन सुरू करतानाचं वेळापत्रक सोबतचं औषध बघून बदलतात ते उगाच नाही. व्हॅल्प्रोएटसोबत ते घाईनं चढवलं तर अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका वाढतो.

वाटाड्या

औषधशाळा, तुमच्या वर्गात बसायला मिळालं असतं तर मी कॉलेज बुडवलं नसतं! वाचनखूण साठवली.

स्पष्टवक्ता

सगळं ठीक, पण एका गोष्टीला विरोध नोंदवतो. हा धागा वाचून लोक उठसूट पातळी तपासत सुटतील. लेवेटिरॅसिटॅमसारख्या नव्या औषधांत पातळी आणि गुण यांचा फारसा मेळ नसतो. फिट थांबली आहे आणि त्रास नाही, तर आकडा कशाला हवा? माझ्या मुलाची पातळी कायम पट्ट्याच्या खाली असते आणि अनेक वर्षांत त्याला एकही फिट नाही. एका ठिकाणी नुसता रिपोर्ट बघून डोस वाढवायला निघाले होते. मी ठाम नकार दिला आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. त्यांनी डोस तसाच ठेवला.

मेंदूमित्र

स्पष्टवक्ता, तुमच्या मुलाच्या बाबतीत निर्णय योग्यच झाला. उपचार माणसावर करायचा असतो, रिपोर्टवर नाही. पट्टा म्हणजे बहुतेकांना जिथे गुण येतो आणि त्रास होत नाही तो भाग. काहींना त्याखालीही पूर्ण आराम असतो, काहींना वरच्या टोकाला जावं लागतं.

पण "आकडा कशाला हवा" याच्याशी मी सहमत नाही. मुलाला गुण आलेला असतानाची पातळी नोंदवून ठेवली असेल, तर ती त्याची स्वतःची पट्टी झाली. उद्या फिट आली आणि तेव्हा पातळी त्याच्या नेहमीच्या निम्म्यावर असली, तर काहीतरी बदललंय हे कळतं. गोळी चुकली, दुसरं औषध सुरू झालं, वजन झपाट्यानं वाढलं, काहीही असेल. ती नोंदच नसेल तर आम्ही अंधारात चाचपडतो.

स्पष्टवक्ता

हे पटलं. त्याची नेहमीची पातळी फाइलमध्ये पहिल्या पानावर लिहून ठेवतो.

दूरचा_पाहुणा

बाबांचं लिहितो. ते लेवेटिरॅसिटॅम घेतात आणि आता डायलिसिसवर आहेत. हे औषध निम्म्याहून जास्त, सुमारे ६६ टक्के, जसंच्या तसं लघवीतून जातं. म्हणजे मूत्रपिंड मंदावलं की औषध साचतं. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी बाबा दिवसभर झोपलेले असायचे, चिडायचे. आम्ही सगळं वयावर ढकलत होतो. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी औषधांची यादी मागितली आणि पाहताक्षणी डोस कमी करायला सांगितला. काही दिवसांत बाबा पुन्हा आमच्याशी वाद घालायला लागले, आणि आम्हाला इतका आनंद झाला की काय सांगू!

डायलिसिसचं वेगळंच. चार तासांच्या एका सत्रात शरीरातलं जवळपास निम्मं लेवेटिरॅसिटॅम निघून जातं. म्हणून त्या दिवशी सत्र संपल्यावर जादा डोस द्यावा लागतो. हे कुणी सांगितलं नसतं तर डायलिसिसच्या दिवशीच फिट आली असती.

मेंदूमित्र

यात एक बारीक मुद्दा जोडते, कारण वयस्कर माणसांत तो निसटतो. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, मूत्रपिंड गाळून टाकतं तो पदार्थ) "नॉर्मल" दिसतं म्हणून मूत्रपिंड ठणठणीत असेल असं नाही. उतारवयात स्नायू कमी झालेले असतात, त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. वय, वजन धरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढावी लागते. तरुणात लेवेटिरॅसिटॅमचं अर्धायुष्य ६ ते ८ तास, ज्येष्ठांत १० ते ११ तासांपर्यंत जातं. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबॅलिन तर जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडावर अवलंबून असतात, तिथे आणखी जपावं लागतं.

फेनिटॉइन मात्र डायलिसिसमध्ये फारसं निघत नाही. ते ९० टक्के रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतं.

खडूफळा

लहान मुलांचं कुणीतरी लिहा ना. माझ्या मुलीला किलोमागे जो डोस आहे तो माझ्या नवऱ्याच्या किलोमागच्या डोसपेक्षा जास्त आहे. औषध दोघांचं एकच. पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा मला वाटलं चिठ्ठी लिहिताना चूक झाली, रात्रभर झोप लागली नाही.

गणिती

खडूफळाताई, चिठ्ठी बरोबर असणार. शरीराचा निचरा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, साधारण वजनाच्या पाऊण घातानं वाढतो. १० किलोच्या मुलाचं वजन ७० किलोच्या माणसाच्या एक सप्तमांश, म्हणजे १४ टक्के. निचरा मात्र सुमारे २३ टक्के. म्हणजे किलोमागे हिशेब केला तर मूल मोठ्या माणसाच्या १.६ पट वेगानं औषध काढतं.

औषधशाळा

गणितींचा हिशेब एन्झाइम्स पिकल्यानंतरच्या वयाला लागू. नवजात बाळाचं सगळं वेगळं. जन्मल्यावर यकृत आणि मूत्रपिंड अजून तयार होत असतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात फेनोबार्बिटोनचं अर्धायुष्य १०० तासांच्याही पुढे असू शकतं. पुढच्या काही आठवड्यांत निचरा झपाट्यानं वाढतो आणि तोच डोस अपुरा पडायला लागतो. नंतर मूल वाढतं, वजन वाढतं, म्हणून डोसचा हिशेब वारंवार करावा लागतो. वयात येताना हळूहळू मोठ्यांसारखं होतं.

खडूफळा

आज नीट झोपेन. दोघांचेही आभार.

शिशिर

ही गोष्ट प्रत्येक व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याच्या घरी माहीत असायला हवी, म्हणून लिहितोय. माझी बायको न्यूमोनियानं रुग्णालयात होती. तिला मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केलं. व्हॅल्प्रोएट चालूच होतं, डोस वेळेवर दिला जात होता. दोन दिवसांत तिला लागोपाठ फिट आल्या. पातळी जवळजवळ तळाला गेली होती. एका निवासी डॉक्टर मुलीच्या लक्षात आलं आणि तिनं दोन्ही बदललं, अँटिबायोटिकही आणि तात्पुरतं फिटचं औषधही. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

मेंदूमित्र

शिशिर, लिहिलंत ते फार बरं केलंत. मेरोपेनेमच्या गटातली सगळीच अँटिबायोटिक्स हे करतात. व्हॅल्प्रोएट यकृतात ग्लुकुरॉनिक आम्लाला जोडलं जातं आणि त्यातलं काही पुन्हा सुटून कामाला येतं. हे सुटणं ज्या एन्झाइममुळे होतं तेच ही अँटिबायोटिक्स बंद पाडतात. एक-दोन दिवसांत पातळी कोसळते आणि व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवूनही ती सहसा भरून येत नाही. शक्य असेल तर अँटिबायोटिक बदलायचं, नाहीतर तेवढ्या काळासाठी फिटचं दुसरं औषध जोडायचं.

अँटिबायोटिक्सचंच आणखी एक. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन कार्बामाझेपिनचा निचरा अडवतात. साध्या घशाच्या दुखण्यासाठी दिलेल्या गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत चक्कर, उलट्या, दोन-दोन दिसणं सुरू होतं. ग्रेपफ्रूटच्या रसानंही कार्बामाझेपिनची पातळी वाढते.

वाटाड्या

आणि क्षयाच्या औषधांचं? माझ्या चुलतभावाला दोन्ही एकदम चालू आहेत, फेनिटॉइन आणि क्षयाचा कोर्स.

औषधशाळा

वाटाड्या, हे सगळ्यात गुंतागुंतीचं. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन एन्झाइम्स वाढवतं, म्हणजे फेनिटॉइन लवकर संपतं. त्याच कोर्समधलं आयसोनियाझिड फेनिटॉइनचा निचरा अडवतं, आणि ज्यांचं शरीर आयसोनियाझिड सावकाश मोडतं त्यांच्यात जास्तच अडवतं. दोन्ही एकाच वेळी, विरुद्ध दिशांनी. कुणाच्या शरीरात कोण जिंकेल ते आधी सांगता येत नाही, तपासूनच कळतं.

आणि कोर्स संपतो तो दिवसही महत्त्वाचा. रिफॅम्पिसिन थांबल्यावर वाढलेली एन्झाइम्स काही आठवड्यांत ओसरतात. कोर्सदरम्यान फिटच्या औषधाचा डोस वाढवला असेल तर तोच आता जास्त होतो. औषध सुरू करताना सगळे विचारतात, थांबवताना कुणी विचारत नाही. चुलतभावाच्या दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा, आणि कोर्स संपायची तारीख न्यूरॉलॉजिस्टना आधीच कळवा.

वाटाड्या

आजच त्याच्याकडे जातो. चिठ्ठ्यांचे फोटो काढून दोघांनाही पाठवतो.

तांबूस_पान

माझ्या आईची पातळी ८ आली आणि सगळे म्हणाले फेनिटॉइन कमी पडतंय. पण ती तर गुंगीत होती! नंतर कळलं की आजारपणात तिचं अल्ब्युमिन २ वर आलं होतं.

गणिती

यासाठी एक सूत्र आहे. मोजलेली पातळी भागिले, अल्ब्युमिनच्या ०.२ पट अधिक ०.१. तुमच्या आईचं ८ भागिले ०.५, म्हणजे १६. रिपोर्टमध्ये ८ दिसत असलं तरी परिणाम साधारण १६ असल्यासारखा.

मेंदूमित्र

सूत्र अंदाजाला ठीक. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत ते वेगळं वापरावं लागतं आणि एरवीही ते दर वेळी बरोबर येत नाही. शक्य असेल तिथे न चिकटलेलं, मोकळं फेनिटॉइन मोजावं. त्याचा पट्टा १ ते २. परिणाम करतं ते मोकळंच. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर ते फेनिटॉइनला अल्ब्युमिनवरून हुसकून लावतं आणि त्याचा निचराही थोडा अडवतं, तेव्हा एकूण आकडा आणखीच फसवा होतो.

झुळूक

अवांतर: सिगारेटचा काही परिणाम? आणि "नैसर्गिक" म्हणून मिळणाऱ्या वनस्पतींच्या गोळ्यांचा?

औषधशाळा

सिगारेट ज्या एन्झाइमला चेतवते ते फिटच्या मुख्य औषधांच्या निचऱ्यात फारसं नसतं. सोडायला कारणं दुसरी भरपूर आहेत! वनस्पतींचं मात्र गंभीर घ्या. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती रिफॅम्पिसिनसारखीच एन्झाइम्स वाढवते. जे काही घ्याल ते डॉक्टरांच्या यादीत असू द्या.

शिशिर

दुसऱ्या कंपनीची गोळी घेतली तर निचरा बदलतो का?

औषधशाळा

निचरा नाही, शोषण बदलू शकतं. ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधला भरावाचा पदार्थ बदलला. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं. डोस तोच, पण औषध जास्त शोषलं गेलं आणि अनेक पेशंटना विषबाधेची लक्षणं दिसली. निळाईच्या भावासारखं ज्यांचं यकृत क्षमतेच्या काठावर असतं, त्यांना शोषणातला लहान बदलही भोवतो. फेनिटॉइन घेणाऱ्यांनी एकच ब्रँड धरून ठेवावा, आणि बदलावा लागलाच तर डॉक्टरांना कळवून.

निळाई

किती शिकले मी या धाग्यावर! मूळ प्रश्नातला एक भाग राहिलाय. जनुकांचं काय? भावाची जनुकं तपासावीत का?

मेंदूमित्र

सीवायपी २सी९ या जनुकाचे काही प्रकार असलेल्यांत हे एन्झाइम मंद चालतं. मध्यम मंद असेल तर पहिल्या भरणीच्या (पातळी पटकन वर नेणाऱ्या) डोसनंतरचा रोजचा डोस साधारण २५ टक्के, आणि फारच मंद असेल तर ५० टक्के कमी ठेवून सुरुवात करावी, अशा मार्गदर्शक सूचना आहेत. क्लोबाझॅम या फिटच्या दुसऱ्या औषधात सीवायपी २सी१९ महत्त्वाचं. ते मंद असेल तर क्लोबाझॅमपासून तयार होणारा सक्रिय पदार्थ साचतो आणि झोप झोप होते. सोबत कॅनाबिडिऑल दिलं तरीही हेच घडतं, कारण तेही त्याच एन्झाइमला अडवतं.

तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र उत्तर जवळजवळ हाती आहे. ३००, ४०० आणि ४५० या तीन डोसवर त्याच्या पातळ्या कुठे गेल्या हे तुम्हाला ठाऊक आहे. तिसरी स्थिर झाली नव्हती, तरी पहिल्या दोनवरूनही त्याच्या यकृताच्या क्षमतेचा अंदाज बांधता येतो. जनुक तपासणीपेक्षा आज त्या नोंदी जास्त उपयोगाच्या आहेत. मी तुमची डॉक्टर असते तर पुढच्या प्रत्येक बदलाआधी त्याच उघडून बसले असते. फिट पुन्हा आली तर फेनिटॉइन वाढवत बसण्यापेक्षा दुसरं औषध निवडायचं का, हेही विचारा.

निळाई

पुढच्या आठवड्यात भेट आहे. रक्त सकाळची गोळी घेऊन द्यायचं की न घेता?

मेंदूमित्र

गोळी घेण्याआधी, आणि रक्त दिल्यावर लगेच गोळी घ्यायची, म्हणून ती सोबत घेऊन जा. आदल्या दिवशीची गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढलं, दोन्ही वेळा रिपोर्टवर लिहून घ्या. लेवेटिरॅसिटॅमसारख्या कमी अर्धायुष्याच्या औषधात तर वेळ लिहिली नसेल तर आकड्याचा अर्थच लागत नाही. सोबत डोसची तारीखवार यादी, अल्ब्युमिनचा रिपोर्ट, आणि गेल्या दोन महिन्यांत घेतलेली प्रत्येक गोळी, अगदी सर्दी आणि आम्लपित्तासाठी घेतलेलीसुद्धा. अँटासिडनं फेनिटॉइनचं शोषण कमी होतं, तेव्हा तेही त्यात असू द्या.

निळाई

यादी करायला घेतलीय. भाऊ शेजारीच बसलाय, तो म्हणतोय आम्लपित्ताची गोळी तो रोज घेतो. हे मला आज कळलं! ती पहिल्या ओळीत लिहिली.